एक्केचाळिसावं गेज

वहिनी: म्हणजे आज सहावा दिवस. सहा दिवसांनी भाऊजींना सवड झाली.

धाकटा: वहिनी, मला भाऊजी म्हणू नकोस गं. नऊ वर्षांचा होतो तू या घरात आलीस तेव्हा.

वहिनी: नऊ वर्षांच्या पोराला मी बारक्या म्हणायचे. काखेत फाइल मारून दवाखान्यात येतो त्याला भाऊजी म्हणतात. खुर्ची ओढू नकोस, उचलून ठेव. शेजारच्या पलंगावरच्यांना आत्ता कुठे डोळा लागलाय.

दादा: कोण, बारक्या का?

धाकटा: हो, दादा. कसं वाटतंय?

दादा: करंगळी खाजतेय.

वहिनी: जी नाहीये ती.

दादा: उजवं मनगट आणि त्याच्या खालचं सगळं गेलं, तरी करंगळी खाजते. डॉक्टर म्हणाले, मेंदूला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, कळवू नका, त्याचं तरी बरं चाललंय.

धाकटा: मी रोज यायचं म्हणत होतो. पण ऑफिसात चौकशी चालू आहे, कोणी जागचं हलू देत नाही.

वहिनी: चाचणीच्या हॉलमधले चौघंही येऊन गेले. कंट्रोलवर बसणारी ती मुलगी तर दोनदा आली. तिच्या कानात अजून आवाज घुमतोय, आपण काय बोलतो ते ओठांवरून ओळखते. ती येऊ शकते. सख्खा भाऊ तेवढा राहिला होता.

दादा: असू दे गं. आम्हाला हॉलमध्ये विमानाचा एक पंख मोडून बघायला महिना जातो तयारीत. हा बसल्या जागी कॉम्प्युटरवर दिवसाला दहा मोडतो. सवड कशी मिळणार? बस रे तू.

धाकटा: चार वाजता चौकशीवाल्या बाई येणार आहेत ना?

दादा: सकाळी हिला फोन आला होता. चारला येतो म्हणाल्या.

धाकटा: त्यांच्याआधी जरा बोलायचं होतं. दोघांनीच.

वहिनी: मी उठणार नाही.

धाकटा: तांत्रिक आहे गं सगळं. तुला कंटाळा येईल.

वहिनी: यांना उशीवर वर सरकायचं तर दोन हात लागतात. एक यांचा, एक माझा. मी उठणार नाही.

दादा: बोल रे. हिला माझ्याएवढंच कळतं. सत्तावीस वर्षं रोज संध्याकाळी ऐकतेय.

धाकटा: बरं. तर असं आहे, की पंख शंभर टक्के लोड घ्यायला पाहिजे होता, तो ऐंशीवर फुटला. आता दोनच शक्यता. एक म्हणजे पंखच चुकला. म्हणजे डिझाइन, म्हणजे माझा हिशोब, म्हणजे सगळंच. दोन वर्षांचं काम पाण्यात. दुसरी, पंख ठीक आहे आणि चाचणीत काहीतरी चुकलं.

दादा: काय चुकलं चाचणीत? पंखाला लोड देणारे जॅक मी तपासले होते.

धाकटा: जॅक नाही. तू एक गेज जास्तीचं लावलं होतंस ना? यादीत चाळीस होती. एक्केचाळिसावं तुझं.

दादा: हो. झाकणाच्या भोकाच्या कोपऱ्याला.

वहिनी: कसलं झाकण?

दादा: अगं, पंखाच्या पोटाला एक भोक असतं, आत हात घालून तपासता यावं म्हणून. वर झाकण बसतं. त्या भोकाच्या कोपऱ्याला मी एक गेज चिकटवलं. नखाएवढं असतं. तिथली जागा किती ताणली ते सांगतं.

वहिनी: सांगितलेलं नसताना का लावलंत?

दादा: सवय हाताची. भोक दिसलं की कोपऱ्याला एक लावायचं. माझ्या उस्तादाने शिकवलेलं. त्याच्या वेळी कॉम्प्युटर नव्हते, भोकं होती.

धाकटा: तेच म्हणतोय मी. सांगितलेलं नसताना. आणि गेज चिकटवायचं तर आधी जागा घासावी लागते.

दादा: लागते. बारीक पॉलिश पेपरने. वरचा चिकटीचा थर तेवढा खरखरीत करायचा, धाग्याला लागू द्यायचं नाही.

धाकटा: लागलं असेल तर?

दादा: कुणाला?

धाकटा: धाग्याला. एखादा धागा कापला गेला असेल तर? कार्बनचा पंख आहे, दादा. एक ओरखडा पुरतो. मी कागद तयार करून आणलाय. वाचतो, ऐक. ‘मी, चाचणी विभागातील वरिष्ठ मेकॅनिक, असे नमूद करतो की यादीत नसलेले एक गेज मी परवानगीशिवाय, स्वतःच्या मर्जीने, झाकणाच्या कोपऱ्यावर लावले. त्यासाठी जागा घासली. घासताना कार्बनचे धागे कापले गेले असण्याची शक्यता मी नाकारत नाही.’ एवढंच. ‘कापले’ नाही म्हटलेलं. ‘शक्यता नाकारत नाही.’

वहिनी: वा. मजकूर छान जमलाय.

धाकटा: वहिनी...

वहिनी: नाही, खरंच. आठवीतल्या निबंधाला यांनी रात्र रात्र बसून शिकवलं, त्याचं चीज झालं म्हणायचं.

दादा: थांब गं. बारक्या, हे तुला कोणी लिहायला लावलं? मोठ्या साहेबांनी?

धाकटा: कोणी लिहायला लावलं याला काय महत्त्व आहे?

दादा: मला आहे.

धाकटा: साहेबांनी एवढंच म्हटलं, की कारण शोधा. हे मला सुचलं.

दादा: तुला सुचलं.

धाकटा: फोटो बघत होतो तुटलेल्या तुकड्यांचे. चीर बरोबर तुझ्या गेजखालून निघालीये. कोणीही असंच म्हणेल.

दादा: सत्तावीस वर्षांत किती गेजं चिकटवली असतील मी? एक धागा तुटल्याचं ऐकलंयस कधी?

धाकटा: नाही. पण वय झालं, दादा. गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर वाढला तुझा. रागावू नकोस, मी चौकशीत विचारतील ते सांगतोय. असं बघ. या कागदाने तुझं नवीन काय जाणार आहे? नोकरी जाणारच आहे. डाव्या हाताने गेज चिकटवणार आहेस का तू? तुझं जे जायचं ते मंगळवारी गेलं. माझं अजून जायचंय.

वहिनी: जीभ झडत नाही तुझी?

धाकटा: खरं ते बोललो. गोड बोलायला बाहेर फुलं घेऊन उभे आहेत लोक.

वहिनी: फुलं घेऊन कोणीही आलेलं नाही. आलेत ते रिकाम्या हाताने आले आणि जाताना यांच्या पायांना हात लावून गेले.

दादा: तू गप बस जरा. बारक्या, मला एक सांग. तो कोपरा. तू पहिल्यांदा घरी लॅपटॉपवर पंख दाखवलास, आठवतंय? सगळा निळा, हिरवा. आणि त्या भोकाच्या कोपऱ्याला एक लाल ठिपका. मी विचारलं, हे काय रे? तू काय म्हणालास?

धाकटा: म्हणालो, तो खोटा लाल आहे.

दादा: का खोटा, ते पण सांगितलं होतंस. हिला सांग.

धाकटा: आता कशाला?

दादा: सांग की. तांत्रिक आहे, तिला कंटाळा येतो का बघू.

धाकटा: कॉम्प्युटरमध्ये आपण पंखावर जाळी टाकतो. लाखभर घरं. प्रत्येक घराला विचारायचं, तुझ्यावर किती ताण आला? मग सगळ्यांची उत्तरं जोडायची. पण कोपरा जर अगदी टोकदार काढलेला असला, तर तिथलं उत्तर वेड्यासारखं येतं. जाळी बारीक करावी तसा आकडा वाढतच जातो, थांबतच नाही. खऱ्या जगात असं नसतं. म्हणून तो ठिपका कोणी धरत नाही. आमच्या धंद्यात सगळेच सोडतात.

वहिनी: आणि त्या पंखाचा कोपरा खरंच टोकदार होता?

धाकटा: ...नाही. खरा गोलसर होता.

वहिनी: मग टोकदार का काढलास?

धाकटा: गोल कोपऱ्यावर जाळी टाकायला वेळ लागतो. तीन-चार दिवस. मीटिंग दोन दिवसांवर होती. शंभर भोकं असतात, वहिनी, सगळेच सोपं करून घेतात.

वहिनी: आणि कार्बनचा पंख म्हणजे शेवटी कापडच ना? हे एकदा तुकडा घेऊन आले होते दाखवायला. थरावर थर, आडवे-उभे धागे.

दादा: कापडच. चिकटीत भिजवून कडक केलेलं.

वहिनी: मी शिवणारीण आहे. तीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवतेय. खिशाचा काप फाटतो तो टोकालाच फाटतो. म्हणून टोकाला टाका घालतात. हे शाळा न शिकलेल्या बाईला माहीत आहे.

धाकटा: विमानाचा पंख म्हणजे खिसा नाही.

वहिनी: नाही ना. खिसा फाटला तर रुमाल पडतो.

दादा: मग हॉलमध्ये भिंतीवर ते मोठं चित्र लावलंत चाचणीच्या आधी. त्यात कोपरा हिरवा होता. लाल कुठे गेला होता रे?

धाकटा: रंगांची पट्टी असते बाजूला. लाल कुठून सुरू करायचा ते आपण ठरवतो. वरची हद्द वाढवली की लाल हिरवा दिसतो.

दादा: वाढवलीस.

धाकटा: खोटा होता म्हणून वाढवली. साहेबांपुढे लाल ठिपका ठेवला की तासभर त्याच्यावरच बोलत बसतात. खोटं नव्हतं त्यात काही. नीटनेटकं केलं.

दादा: मला वाटलं, दुरुस्त केलंस. मी त्या मुलीला म्हटलंसुद्धा, बघ, आमच्या बारक्याने कोपरा दुरुस्त केला.

धाकटा: दादा, साडेतीन होत आलेत.

दादा: होऊ दे. तुझ्या कागदात एक गोष्ट नाहीये. मी पिवळी रेघ ओलांडली, ते नाहीये.

धाकटा: ते चौकशीला आधीच माहीत आहे. कॅमेऱ्यात आहे. ते तर आणखी वाईट आहे तुझ्यासाठी. साठ टक्क्यांच्या पुढे रेघेच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही, हा नियम तूच नव्या पोरांना शिकवतोस, आणि ऐंशीवर लोड धरलेला असताना तूच सरळ पंखाखाली गेलास. मी ते कागदात घातलं नाही. तुझ्यासाठी.

वहिनी: केवढे उपकार.

दादा: का गेलो, ते विचारलं का तुला कोणी?

धाकटा: का गेलास?

दादा: तू विचारशील म्हणून सहा दिवस पडून होतो मी.

धाकटा: आता विचारतोय.

दादा: ऐंशीवर थांबवलं. मी आकडे वाचत होतो. चाळीसच्या चाळीस गेजं तुझ्या यादीप्रमाणे. एवढी जुळत होती की मला हसू येत होतं. माझ्या भावाची यादी. मग एक्केचाळीसवर आलो. कोपऱ्यापासून चार बोटांवर तुझं एक गेज होतं, त्यावर ताणाचा आकडा तीन हजार होता. माझ्या गेजवर नऊ हजार शंभर.

धाकटा: नऊ हजार शंभर?

दादा: तिप्पट. आता तू सांग, माणूस काय समजेल? मी समजलो, माझं गेज उखडलं. चिकट नीट बसली नाही. म्हटलं, वय झालं, हात गेला आपला. बारक्या म्हणतोय तिथे काही नाही, म्हणजे तिथे काही नाही. तुझ्या आकड्यावर शंका माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही रे. स्वतःच्या हातावर आली. त्या चार पोरांसमोर सुटलेलं गेज दिसायला नको, म्हणून गेलो. पटकन बोटाने दाबून येतो म्हटलं.

वहिनी: मला नाही सांगितलंत हे.

दादा: धातूचा पंख असता तर आधी कण्हला असता. कार्बन काही बोलत नाही. माझं बोट गेजवर होतं आणि...

वहिनी: पुरे. पाणी प्या.

दादा: नको. बारक्या, तुझा चेहरा का असा झाला?

धाकटा: काही नाही. ऐकवत नाही मला.

दादा: नऊ हजार शंभर म्हटल्यावर झाला. हाताचं सांगितलं तेव्हा नाही झाला.

धाकटा: दादा, कृपा करून सही कर. डाव्या हाताचा अंगठा चालेल. मी शाईचं पॅड आणलंय.

वहिनी: पॅडसुद्धा आणलंस!

धाकटा: ओरड माझ्यावर. सगळ्यांनी ओरडा. तुम्हाला वाटतं मला झोप लागते? पण मी बुडालो तर कोणाचा हात पुढे येणार आहे? दादाचा? माझं पोर दीड वर्षाचं आहे. या धंद्यात एकदा पंख फुटलेला माणूस म्हणून नाव झालं की कोणी दारात उभं करत नाही. आणि चूक सगळ्यांची होती. साहेबांनी तारीख पुढे ढकलली नाही, तपासणाऱ्याने तपासलं नाही. खापर मात्र माझ्या एकट्याच्या डोक्यावर.

वहिनी: म्हणून तू ते यांच्या डोक्यावर फोडायला आलास. पडलेल्या माणसाच्या.

धाकटा: पडलेल्या माणसाला आणखी लागत नाही, वहिनी.

दादा: पॅड दे इकडे.

वहिनी: अहो!

दादा: दे म्हटलं ना. त्याला पोर आहे. माझं काय, खरंच काय राहिलंय? उद्या हॉलमध्ये गेलो तरी नुसता बसून राहणार. उघड ते पॅड. तुझ्या पोराला डोक्यावर तेल थापायला मंगळवारच्या आधीच्या रविवारी आणलं होतंस, तेव्हा त्याने माझी करंगळी धरली होती. हीच. जी खाजतेय.

वहिनी: मी यांना सही करू देणार नाही. चार वाजता मी सांगेन त्या बाईला.

दादा: तू काही सांगणार नाहीस. रविवारी तो किती गप्प होता, आठवतंय तुला? जेवला नाही धड. मला म्हणाला, दादा, मंगळवारी सुट्टी घे.

धाकटा: दादा, अंगठा.

दादा: म्हणाला, वहिनीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा, तिचे डोळे दुखतात, सुईत दोरा ओवता येत नाही. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, बारक्याला वहिनीच्या डोळ्यांची काळजी.

वहिनी: माझी डॉक्टरची वेळ गुरुवारची होती.

दादा: हो ना?

वहिनी: गुरुवारची. त्याला माहीत होतं. त्यानेच फोन करून घेऊन दिली होती.

दादा: ...मंगळवार म्हणाला. दोनदा म्हणाला. जाताना चपला घालताना परत म्हणाला.

धाकटा: विसरलो असेन. माझ्या डोक्यात मंगळवार असेल.

दादा: मंगळवारी चाचणी होती. तुझ्या डोक्यात मंगळवारच असणार.

धाकटा: तू काय म्हणतोयस?

दादा: मी काही म्हणत नाही. मी विचारतोय. त्या रविवारी, आमच्याकडे यायच्या आधी, तू काय करत होतास?

धाकटा: ऑफिसात होतो.

दादा: रविवारी?

धाकटा: चार वाजत आलेत, दादा.

दादा: बारक्या. पॅड माझ्या मांडीवर आहे. अंगठा मी अजून उठवलेला नाही. खरं सांग, मग बघू.

धाकटा: गोल कोपऱ्याचं परत केलं. एकट्याने. वेळ मिळाला म्हणून. मनाला चुटपुट लागली होती. जाळी बारीक केली, आणखी बारीक केली. यावेळी आकडा वाढत गेला नाही. थांबला.

दादा: कितीवर?

धाकटा: दादा...

दादा: कितीवर थांबला?

धाकटा: शंभर टक्क्यांना अकरा हजार चारशे.

दादा: म्हणजे ऐंशीला नऊ हजार एकशेवीस.

धाकटा: हो.

दादा: मी नऊ हजार शंभर वाचले.

धाकटा: हो.

दादा: वीसचा फरक. नऊ हजारांत वीसचा. अगं, ऐकलंस? गेज अगदी बरोबर बसलं होतं माझं. हात चांगला होता.

वहिनी: त्याला कळलं होतं. रविवारीच कळलं होतं. आमच्या घरी बसून माझ्या हातचं जेवून गेलास आणि...

धाकटा: फुटेलच असं नव्हतं! कार्बनची खरी ताकद कधी कधी हिशोबापेक्षा जास्त निघते. आणि फुटला असता तरी सगळे रेघेच्या बाहेर असणार होते. साठच्या पुढे आत कोणी जातच नाही. कोणी म्हणजे कोणी नाही. तरी मी तुला सुट्टी घे म्हटलं. तरीसुद्धा म्हटलं! आणि तू गेलास. कामावर गेलास ते गेलास, रेघेच्या आत गेलास. मी काय करायचं होतं?

वहिनी: फोन. एक फोन करायचा होता. ‘चाचणी थांबवा’, दोन शब्द.

धाकटा: दोन शब्द! दोन शब्दांनी सगळं संपलं असतं माझं.

दादा: हॉलमध्ये आम्ही पाच जण होतो, बारक्या.

धाकटा: माहीत आहे.

दादा: बाकीच्या चौघांना सुट्टी घ्यायला सांगितलंस? ती मुलगी तेवीस वर्षांची आहे. तिचे कान आता सुधारणार नाहीत म्हणालेत डॉक्टर. तिला सांगितलंस?

धाकटा: नाही.

दादा: मला मात्र सांगितलंस. म्हणजे तुला पक्कं माहीत होतं. माझ्यापुरतं पक्कं. त्यांच्यापुरतं फुटेलच असं नव्हतं.

धाकटा: तू माझा भाऊ आहेस.

दादा: आणि हा कागद?

धाकटा: मी फाडतो तो. दे.

दादा: फाडू नकोस. मागची बाजू कोरी आहे ना? ही घे, ताटाखालची पाटी. पेन असेलच तुझ्याकडे. लिही.

धाकटा: काय लिहू?

दादा: मी सांगतो ते. मला लिहिता येत नाही आता. लहानपणी शुद्धलेखन घालायचो तसं घालतो. माझं बोलून झाल्याशिवाय मध्ये बोलायचं नाही.

धाकटा: दादा, असं नको करू. पाया पडतो तुझ्या.

वहिनी: पडायचं तर चारच्या आत पड. बाई येतील.

दादा: हे बघ. तू लिहिलंस तर तू आपण होऊन सांगितलंस असं होईल. मी बाईंना तोंडी सांगितलं तर लपवलंस असं होईल, आणि मग मला मंगळवारच्या सुट्टीचंही सांगावं लागेल. तुला जमेल ते कर. जायचं तर जिना समोर आहे.

धाकटा: माझी नोकरी जाईल.

दादा: जाईल.

धाकटा: तुला काहीच वाटत नाही?

दादा: वाटतंय रे. फार वाटतंय. पण असेच पंख उद्या माणसं घेऊन उडणार आहेत, आणि सगळ्यांचे भाऊ काही तुझ्या ऑफिसात नसतात. लिही. ‘रविवारी मी झाकणाचा कोपरा गोल धरून हिशोब पुन्हा केला.’

धाकटा: ...केला.

दादा: ‘शंभर टक्के लोडला ताण अकरा हजार चारशे आला. तो मी कोणालाही कळवला नाही.’

धाकटा: कोणालाही...

दादा: ‘नाही’ लिही. खाली ओढ, दिसू दे. ‘मंगळवारी ऐंशी टक्क्यांवर, एक्केचाळिसाव्या गेजवर, नऊ हजार शंभर वाचले गेले. दोन्ही आकडे जुळतात. गेज ठीक चिकटवलेलं होतं. जागा नीट घासलेली होती.’

धाकटा: हेही घालायचं?

दादा: ते आधी घाल.

वहिनी: हात थरथरतोय त्याचा.

दादा: थरथरू दे. आहे ना.

(बाहेरच्या पॅसेजमध्ये लिफ्ट थांबल्याचा आवाज.)

वहिनी: आल्या वाटतं. चष्मा, फाइल. त्याच असतील.

धाकटा: दादा, मी उद्या येतो. सगळं झालं की येतो. पोराला घेऊन येतो.

दादा: उद्यापासून येऊ नकोस. परवाही नको. हिच्या डोळ्यांचं ही बघेल.

धाकटा: दादा!

दादा: लिहून झालं का?

धाकटा: झालं.

दादा: सही कर. तुझी. माझी नको.

धाकटा: केली.

दादा: तारीख टाक.

धाकटा: आजचीच ना?

दादा: आता आजचीच. रविवारची टाकायची होती ती.